काउंटरमधला गॅस संपत नाही, गळतो

एप्रिल तापायला लागला की कोल्हापुरात महाद्वार रोडपासून राजारामपुरीपर्यंत मिठाईच्या, केकच्या, आइस्क्रीमच्या दुकानांत एकच तक्रार सुरू होते: "काउंटर थंड करत नाही, गॅस संपला वाटतं." मेकॅनिक येतो, गेज लावतो, अर्ध्या तासात गॅस भरतो आणि पैसे घेऊन जातो. दोन-चार महिने बरे जातात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. बरेच दुकानदार हा खर्च आता दरसालचा म्हणून धरूनच चालतात.

मुळात हा समजच चुकीचा आहे. माल थंड ठेवणाऱ्या काचेच्या काउंटरमधला गॅस जळत नाही, झिजत नाही, जुना होऊन त्याची ताकदही कमी होत नाही. नळी कुठे फुटली नाही, तर कारखान्यात भरलेला गॅस दहा वर्षांनीही तेवढाच असतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. शिवाय गॅस पुरेसा असतानाही काउंटर थंड करत नाही, असे वारंवार घडते. ते का, हे समजायला आधी यंत्र काय करते ते पाहू.

मोट, विहीर आणि थारोळे

काउंटर थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. विहिरीवरची मोट आठवा. रिकामी मोट खाली जाते, भरून वर येते, थारोळ्यात ओतली जाते आणि पुन्हा खाली जाते. पाणी विहिरीतून शेतात जाते, मोट मात्र तीच राहते. काउंटरमध्ये उष्णता हे पाणी आहे आणि गॅस ही मोट.

आतल्या बाजूला, ट्रेच्या खाली किंवा मागे, बारीक पत्र्यांची जाळी असलेली नळी असते. ती कूलिंग कॉइल. तिच्यात द्रवरूप गॅस साधारण उणे १० अंशांना उकळतो आणि उकळताना आतल्या हवेतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर तो वायू ओढून दाबतो, त्यामुळे तो चांगलाच तापतो. पुढे कंडेन्सर नावाच्या दुसऱ्या जाळीतून जाताना तो उष्णता दुकानातल्या हवेला देतो आणि पुन्हा द्रव होतो. मग कॅपिलरी या केसाएवढ्या भोकाच्या तांब्याच्या नळीतून जाताना त्याचा दाब एकदम उतरतो, आणि तो परत कूलिंग कॉइलमध्ये जातो. एवढेच चक्र.

यात बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट कंडेन्सरची. थारोळ्यातले पाणी पाटाने पुढे गेले नाही तर तुंबून विहिरीतच परत पडणार. बैल कितीही जुंपा, उपसा होत नाही. पाच फुटी पेस्ट्री काउंटर आतून ८०० वॉट उष्णता उपसत असेल आणि कॉम्प्रेसर ३५० वॉट वीज घेत असेल, तर मागच्या जाळीतून दुकानात ११५० वॉट उष्णता पडते. असे तीन काउंटर एका बंद दुकानात असले तर त्यांच्या मागच्या जाळ्यांशी ३,४५० वॉट उष्णता पडत राहते. दुकान तापते, कंडेन्सरला गरम हवा मिळते, काउंटर जास्त वेळ चालतो, दुकान आणखी तापते. एप्रिलमधल्या तक्रारींचे मूळ बहुधा इथे असते, गॅसमध्ये नसते.

मग गॅस कमी आहे की नाही, हे कसे कळणार?

गेज लावण्याआधी डोळ्यांनी बरेच कळते. काउंटर चालू असताना कूलिंग कॉइलवरचे आवरण काढून बघावे. कॉइलच्या सुरुवातीच्या दोन-तीन वेढ्यांवरच दव किंवा बर्फ आहे आणि बाकीची कॉइल कोरडी, कोमट आहे, तर गॅस कमी असण्याची किंवा कॅपिलरी तुंबल्याची शक्यता मोठी. सगळी कॉइल पांढऱ्या बर्फात गाडली गेली असेल तर प्रकरण वेगळे: आतला पंखा बंद आहे, दाराचे रबर सुटले आहे किंवा बर्फ वितळवण्याची व्यवस्था बिघडली आहे. अशा वेळी गॅस भरला तर काहीच सुधारत नाही, उलट बिघडते. आणि कॉइलवर दव सगळीकडे सारखे आहे पण आत १२ अंश दाखवत आहे, तर कंडेन्सरकडे जावे.

कंडेन्सर तुंबला की गॅसचा दाब चढतो. आर-१३४ए हा अनेक काउंटरमधला गॅस आहे. तो ५० अंशांना द्रव होत असेल तर डिस्चार्जच्या, म्हणजे कॉम्प्रेसरमधून गॅस बाहेर पडतो त्या, बाजूला चौरस इंचाला साधारण १७५ पाउंड दाब दिसतो. जाळी तुंबून तेच तापमान ६० अंशांवर गेले की दाब २३० पाउंडांच्या घरात जातो. कंडेन्सरचे तापमान दर अंशाने वाढले की विजेचा खर्च साधारण दोन-तीन टक्क्यांनी वाढतो, म्हणजे दहा अंशांना बिलात पाव हिस्सा वाढ. कॉम्प्रेसर तापतो, ओव्हरलोड (फार तापले की वीज तोडणारा स्विच) 'टक' करून बंद होतो, थोड्या वेळाने परत चालू होतो. दुकानदाराला एवढेच दिसते की मशीन चालू-बंद होते आहे आणि थंड करत नाही.

गळती सापडली, तर दुरुस्ती कशी व्हायला हवी

गळतीच्या जागा ठरलेल्या असतात. ब्रेझिंगचे (ज्वालेने धातू वितळवून जोडलेले) सांधे, तांबे आणि ॲल्युमिनियम जिथे जोडले आहे तो सांधा, कॉम्प्रेसरच्या कंपनाने एकमेकींना घासणाऱ्या नळ्या, आधीच्या मेकॅनिकने गॅस भरायला लावलेला पिन व्हॉल्व्ह, आणि खुद्द कूलिंग कॉइल. दही, चटण्या, लोणची उघडी ठेवली तर त्यांच्या आंबट वाफेने कॉइलचे तांबे हळूहळू खाल्ले जाते. गॅससोबत थोडे तेलही बाहेर येते, म्हणून जिथे तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसेल तिथे आधी बघावे.

चांगली दुरुस्ती अर्ध्या तासात होत नाही. उरलेला गॅस हवेत न सोडता रिकव्हरी मशीनने सिलिंडरमध्ये घ्यावा. मग सिस्टीममध्ये नायट्रोजन भरून, नेमप्लेटवर दिलेल्या दाबाच्या मर्यादेत राहून, साबणाच्या पाण्याने प्रत्येक सांधा तपासावा. इथे ऑक्सिजनचा सिलिंडर कधीही लावू नये. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचे तेल एकत्र आले की स्फोट होतो. काही जण वेल्डिंगचा सिलिंडर हाताशी असतो म्हणून तोच वापरतात. तसे करताना दिसले तर काम तिथेच थांबवावे.

सांधा ब्रेझ करताना नळीतून नायट्रोजनची बारीक धार चालू ठेवावी, नाहीतर आत काळी पापडी धरते आणि तीच पुढे कॅपिलरीत अडकते. सिस्टीम उघडली की ड्रायर नवा बसवायचाच. हा पेन्सिलएवढा तांब्याचा डबा ओल शोषून घेतो आणि एकदा हवेला उघडा पडला की निकामी होतो. त्याची किंमत एकूण बिलात नगण्य असते, तरी तो वाचवला जातो.

पुढची पायरी व्हॅक्यूमची, आणि सगळ्यात जास्त टाळाटाळ इथेच होते. नळ्यांमधली हवा आणि ओल काढायला खरा व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन हे व्हॅक्यूमचा दाब मोजायचे माप) उतरावे लागते. इतक्या कमी दाबात पाण्याचा अंशही थंडपणीच वाफ होऊन बाहेर पडतो. पंप बंद केल्यावर आकडा किमान पंधरा मिनिटे टिकायला हवा. चढत राहिला तर गळती किंवा ओल अजून आहे. जुन्या कॉम्प्रेसरचाच पंप करून पाच-दहा मिनिटे ओढले, तर ओल आतच राहते. ती कॅपिलरीच्या तोंडाशी गोठते आणि गॅसची वाट बंद करते. मेकॅनिक याला 'चोक' म्हणतात. लक्षण अगदी ठळक असते: काउंटर दोन-तीन तास उत्तम थंड करतो, मग एकदम बंद पडल्यासारखा होतो, थोडा वेळ बंद ठेवून परत लावला की पुन्हा थंड करतो.

शेवटी गॅस, आणि तो वजनावर. नेमप्लेटवर २८० ग्रॅम लिहिले असेल तर काट्यावर २८० ग्रॅमच भरावा. कॅपिलरीच्या मशीनमध्ये जादा गॅस साठवायला जागा नसते, २०-३० ग्रॅमचा फरकही भोवतो. "नळीवर बर्फ दिसेपर्यंत भर" या पद्धतीत गॅस हमखास जास्त पडतो, द्रवच कॉम्प्रेसरमध्ये परत येतो आणि कॉम्प्रेसर फुटतो. आर-४०४ए हा मिश्र गॅस असेल तर सिलिंडर उलटा धरून द्रवरूपातच भरावा लागतो. वायूरूपात घेतला तर घटकांचे प्रमाण बिघडते.

बिलावर चार गोष्टी लिहून मागाव्यात: गळती कुठे होती, ड्रायर बदलला का, व्हॅक्यूम किती मायक्रॉनपर्यंत आणि किती वेळ, गॅस किती ग्रॅम. जो लिहून देतो त्याला दोन पैसे जास्त गेले तरी द्यावेत.

काउंटर कुठे ठेवायचा

दुकानाची सजावट आधी ठरते आणि काउंटर नंतर येतो, तिथे निम्मे नुकसान झालेले असते. फर्निचरवाला मशीनची बाजू प्लाय आणि सनमायकाने सुंदर झाकून टाकतो. आत कंडेन्सरने टाकलेली गरम हवा तिथेच फिरत राहते आणि कंडेन्सर तीच परत ओढतो. हे तपासणे सोपे आहे: दुकानातल्या हवेचे तापमान आणि कंडेन्सरच्या तोंडाशी आत शिरणाऱ्या हवेचे तापमान मोजा. दुसरे तीन अंशांहून जास्त असेल तर हवा आतल्या आत घुमते आहे. भिंतीपासून निदान सहा इंच मोकळी जागा सोडा, मशीनच्या पुस्तकात जास्त सांगितली असेल तर तेवढी. आणि झाकायचेच असेल तर पुढे हवा आत यायला आणि मागे किंवा वर बाहेर जायला वेगवेगळ्या जाळ्या ठेवा.

पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानात दुपारी तीननंतर ऊन थेट काचेवर येते. काचेतून आत गेलेले ऊन पेढ्याच्या ट्रेला तापवते, आतला आकडा काहीही दाखवो. छज्जा किंवा बांबूची चिक लागतेच. कढईपासून दोन-अडीच मीटर तरी लांब ठेवावे. उघड्या तोंडाचा काउंटर असेल तर छताचा पंखा किंवा एसीचा झोत त्यावर येऊ देऊ नये. अशा काउंटरला दार नसते, वरून खाली वाहणारा थंड हवेचा पडदा हेच त्याचे दार. त्यांची चाचणी सेकंदाला ०.२ मीटर इतक्या संथ हवेत घेतलेली असते. पंखा त्याच्या कितीतरी पट वेगाने वारा घालतो आणि पडदा फाडतो.

खरेदी करताना 'क्लायमेट क्लास' जरूर विचारावा. काउंटर किती गरम आणि किती दमट खोलीत तपासला आहे, हे त्यातून कळते. क्लास ३ म्हणजे २५ अंश आणि ६० टक्के आर्द्रता, क्लास ४ म्हणजे ३० अंश आणि ५५ टक्के, क्लास ५ म्हणजे ४० अंश आणि ४० टक्के. एसी नसलेल्या कोल्हापुरातल्या दुकानात क्लास ३ चा देखणा काउंटर आणला तर तो एप्रिलमध्ये दमणार आणि जुलैमध्ये भिजणार. तो मशीनचा दोष नव्हे.

टेम्पोतून आडवा किंवा फार कलता आणला असेल तर उभा करून २४ तास तसाच ठेवावा. कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत गेलेले असते, ते खाली उतरू द्यावे लागते. स्पिरिट लेव्हल लावून पाय समान करावेत. तिरका बसला तर दारे नीट मिटत नाहीत आणि वितळलेले पाणी नळीकडे न जाता दुसऱ्या कोपऱ्यात साठते. पाण्याच्या नळीला मीटरमागे निदान एक सेंटिमीटर उतार हवा आणि मध्ये पाणी धरून ठेवणारे यू-आकाराचे वळण हवे, नाहीतर गटाराचा वास आणि झुरळे थेट पेस्ट्रीपर्यंत पोहोचतात. माल भरण्याआधी काउंटर रिकामा चार-सहा तास चालवून बघावा.

वीज: आकडे छोटे, नुकसान मोठे

काउंटरसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन, २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट, सी-प्रकारचा एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) आणि पक्के अर्थिंग. एक्स्टेंशन बोर्ड नकोच. कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चालू स्थितीच्या चार-सहा पट करंट ओढतो. म्हणून ५०० वॉटच्या मशीनला ५०० वॉटचा स्टॅबिलायझर पुरत नाही, साधारण दोन-तीन केव्हीएचा घ्यावा लागतो.

संध्याकाळी सगळीकडचे दिवे लागले की काही भागांत व्होल्टेज १८० पर्यंत उतरते. २३० चे १८० म्हणजे पाचवा हिस्सा कमी, असे वाटते. पण मोटर सुरू होण्याची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे (व्होल्टेज गुणिले व्होल्टेज) उतरते, म्हणजे ती ६१ टक्क्यांवरच येते. कॉम्प्रेसर 'घूं' करतो, फिरत नाही, तापतो, ओव्हरलोड सुटतो. असे रोज झाले की एक दिवस वाइंडिंग जळते. स्टॅबिलायझरला तीन मिनिटांचा डिले असणे तितकेच महत्त्वाचे. वीज जाऊन लगेच आली तर दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ मिळालेला नसतो आणि कॉम्प्रेसरला भरल्या दाबाविरुद्ध उठावे लागते.

"उन्हाळ्यात काच कोरडी होती, पावसाळ्यात गळायला लागली. मशीन बिघडले ना?"

बहुधा नाही. हवा बदलली.

एप्रिलच्या दुपारी ३६ अंश आणि ३० टक्के आर्द्रता धरा. अशा हवेतली वाफ साधारण १६ अंशांच्या खालच्या पृष्ठभागावर पाणी होऊन बसते. जुलैच्या संततधारेत २५ अंश आणि ८५ टक्के धरा. आता हीच हद्द २२ अंशांवर येते. काचेचा बाहेरचा पृष्ठभाग १९ अंशांवर असेल तर तो एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत आणि जुलैमध्ये ओलाचिंब. दोन काचांमध्ये पोकळी असलेली काच असली तर बाहेरचा पृष्ठभाग कमी थंड होतो, आणि काही मॉडेलमध्ये काचेच्या कडेला बारीक हीटर असतो. पावसाळ्यात पहिल्यांदा तो हीटर चालू आहे का ते बघावे. वीज वाचवायला कोणीतरी बंद केलेला असतो.

बाहेरच्या काचेचे पाणी पुसता येते. आतले पाणी जास्त त्रासाचे. जुलैच्या त्या हवेत घनमीटरला जवळपास २० ग्रॅम वाफ असते आणि ५ अंशांच्या हवेत पावणेसातच्या आसपास मावते. म्हणजे दार उघडून एक घनमीटर हवा आत गेली की सुमारे १३ ग्रॅम पाणी आत पडले. ते कॉइलवर गोठते, काही पेस्ट्रीवर बसते. गिऱ्हाइकाला बारा प्रकार दाखवताना मागचे सरकते दार पूर्ण उघडे ठेवण्याची सवय पावसाळ्यात फार महाग पडते.

कॉइलवरचा बर्फ सुरीने किंवा स्क्रूड्रायव्हरने कधीच टोकरू नये. ॲल्युमिनियमची नळी पातळ असते. एक भोक आणि सगळा गॅस गेला. काउंटर बंद करून, माल हलवून, पंखा लावून बर्फ आपोआप वितळू द्यावा.

"डिस्प्लेवर ४ दाखवतो, म्हणजे बासुंदी ४ अंशांना आहे"

डिस्प्लेचा सेन्सर हवेचे तापमान मोजतो, तेही एकाच जागचे. मालाचे तापमान कळायला छोट्या बरणीत ग्लिसरीन भरून त्यात थर्मामीटरचा सेन्सर बुडवावा आणि बरणी सगळ्यात वरच्या कप्प्यात, काचेजवळ ठेवावी. काउंटरमधली सगळ्यात गरम जागा सहसा तीच असते. क्रीमचे केक आणि दुधाच्या ओल्या मिठाया ५ अंशांच्या आत हव्यात. आइस्क्रीमचा साठा उणे १८ किंवा त्याखाली. बेसनाचे लाडू, सोनपापडी यांना थंड काउंटर लागतच नाही. त्यांचे तूप घट्ट होते आणि बाहेर काढल्यावर त्यांना घाम येतो.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी: डिस्प्ले काउंटर गार माल गार ठेवण्यासाठी असतो, गरम माल गार करण्यासाठी नाही. ४० अंशांची दहा किलो बासुंदी ५ अंशांवर आणायची तर सुमारे ३४० वॉट-तास उष्णता काढावी लागते. काउंटरची शिल्लक ताकद २०० वॉट असेल तर हिशेबाने पावणेदोन तास. प्रत्यक्षात पातेल्याच्या मधोमध थंडी पोहोचायला याच्या कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तोपर्यंत शेजारच्या सगळ्या ट्रे तापतात. शिजवलेला पदार्थ ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यावा, हा अन्नसुरक्षेतला रूढ नियम. त्यासाठी उथळ ट्रे, बर्फाचे पाणी किंवा ब्लास्ट चिलर (माल झटपट गार करणारे यंत्र). सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'बेस्ट बिफोर' लिहिणे १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक झाले. ती तारीख योग्य तापमान गृहीत धरून काढलेली असते, हे विसरले जाते.

कप्प्यांच्या जाळ्यांवर बटर पेपर कडेपर्यंत अंथरलेला अनेक दुकानांत दिसतो. दिसायला स्वच्छ, पण थंड हवा त्या जाळीतूनच वर-खाली फिरते. ट्रेच्या मापापुरताच कागद घालावा, मागच्या पट्टीशी चार बोटे मोकळी ठेवावीत.

साफसफाई: महिन्यातला एक तास

फरसाण आणि मिठाई एकाच छताखाली असलेल्या दुकानात कंडेन्सरची जाळी जवळून पाहा. कढईच्या तेलाची वाफ पत्र्यांवर चिकट थर करते, त्यावर बेसन आणि मैद्याची पूड बसते, आणि दोन महिन्यांत करड्या नमद्याचा तुकडा जाळीवर शिवल्यासारखा दिसतो. हात लावला तर बोटाला तेल लागते. त्यातून हवा जातच नाही.

मेन स्विच बंद करून जाळीचे स्क्रू काढावेत. मऊ नायलॉनचा ब्रश पत्र्यांच्या उभ्या दिशेनेच फिरवावा, आडवा फिरवला की पत्रे वाकून वाट कायमची बंद होते. मग ब्लोअरने आतून बाहेर फुंकावे. तेलकट असेल तर कॉइल क्लीनर फवारून, सांगितलेला वेळ थांबून, थोड्या पाण्याने धुवावे. वायरी आणि पंख्याची मोटर प्लास्टिकने झाकूनच. गाड्या धुण्याचा प्रेशर पंप नको. कढई जवळ असेल तर दर पंधरवड्याला, नसेल तर महिन्यातून एकदा.

दाराचे रबर तपासायला दहाची नोट दारात धरून दार मिटावे आणि नोट ओढावी. सहज सुटली तर तिथून थंड हवा जाते. रबर कोमट साबणाच्या पाण्याने धुवावे. पाण्याच्या नळीत महिन्यातून एकदा कोमट पाणी ओतावे. साखरेचा चिकटपणा आणि शेवाळ यांनी ती तुंबते.

रात्री काउंटर बंद केला तर वीज वाचते का? आत माल ठेवून बंद करणे चूक आहे. सकाळी तापलेला माल परत गार करायला वीज लागते, आणि माल रात्रभर धोक्याच्या तापमानात पडून राहतो. माल मोठ्या फ्रीजमध्ये हलवून रिकामा काउंटर बंद करणे मात्र चांगले. बर्फ वितळतो, आतून पुसता येते, कॉम्प्रेसरला विश्रांती मिळते.

"नवीन मशीनमध्ये प्रोपेन आहे म्हणे. दुकानात स्फोट झाला तर?"

आर-२९० म्हणजे प्रोपेन, आणि तो पेट घेतो, हे खरे. तो का आणला, तर आर-४०४ए चा एक किलो हवेत सुटला की ३,९२२ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी तापमानवाढ होते, आर-१३४ए चा सुटला तर १,४३० किलोइतकी, आणि प्रोपेनची जेमतेम तीन किलोइतकी. मॉन्ट्रियल करारातल्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आणि २०३२ पासून जुन्या पद्धतीचे हे गॅस टप्प्याटप्प्याने कमी व्हायचे आहेत. त्यामुळे नवे काउंटर याच दिशेने जाणार.

प्रमाणही बघा. छोट्या काउंटरमध्ये बहुधा १५० ग्रॅमच्या आतच प्रोपेन असतो. घरच्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, जवळपास ९५ पट. रोजच्या वापरात धोका फार कमी. खरा धोका दुरुस्तीच्या वेळी: गॅस पूर्ण काढून, नायट्रोजन फिरवून, दारे-खिडक्या उघडून मगच ज्वाला लावायची. रिले, पंखा, स्विच हे ठिणगी न पडणाऱ्या प्रकारचेच बसवायचे. ज्याला याचे प्रशिक्षण नाही त्याच्या हातात हे मशीन देऊ नये. आणि जुन्या आर-१३४ए च्या काउंटरमध्ये स्वस्त पडतो म्हणून प्रोपेन किंवा एलपीजी भरू देऊ नये. त्या मशीनचे विजेचे भाग त्यासाठी बनवलेले नसतात.

पुराचे पाणी शिरले तर

२०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर परिसरातल्या दुकानांत शिरले, त्यामुळे इथे हा प्रश्न कागदावरचा नाही. इशारा मिळताच माल हलवावा, प्लग काढावा आणि काउंटर उभाच ठेवून विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर उचलावा. कॉम्प्रेसर तळाशी असतो, म्हणून फूटभर उंचीही कधी कधी सगळे वाचवते.

पाणी ओसरल्यावर "चालतो का बघू" म्हणून प्लग लावू नये. कॉम्प्रेसर हवाबंद असतो, त्याच्या आत पाणी सहसा जात नाही. बिघडते ते बाहेरचे: रिले, ओव्हरलोड, कपॅसिटर, पंख्याच्या मोटरी, कंट्रोलर. हे सुकवून परत वापरू नयेत, बदलावेत. कॉम्प्रेसरची टर्मिनल स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंग आणि बॉडी यांच्यातला रोध मोजावा. एक मेगाओमच्या खाली आला तर वीज जोडायची नाही. काउंटरमध्ये राहिलेला सगळा माल, पाकीटबंद असला तरी, टाकून द्यावा.

भिंतींमधला फोम ही नंतर कळणारी गोष्ट. पत्र्याच्या सांध्यांतून पाणी आत गेले की फोम ओला राहतो आणि उष्णता अडवत नाही. काउंटर चालतो, थंडही करतो, पण थांबत नाही. चाचणी अशी: रिकामा, दारे मिटलेला काउंटर स्वतंत्र मीटरवर २४ तास चालवा आणि युनिट मोजा. ६०० वॉटचे मशीन दिवसात १६ तास चालले तर ९.६ युनिट होतात. पुराआधी एवढे लागत होते आणि आता रिकामे असूनही १४ युनिट लागत असतील, कंडेन्सर स्वच्छ असेल, रबर ठीक असेल, तर फोम गेला. त्यावर नवा कॉम्प्रेसर बसवायला पैसे घालू नयेत, तो काउंटर बदलावा.